बोटीचा संडास तुंबला तर?

बालमित्रांनो, मथळा वाचून नाक मुरडू नका! आम्ही तीन कुटुंबे मिळून उन्हाळ्यात शिडाची बोट भाड्याने घेतो आणि सिॲटलहून प्युजेट साउंडमध्ये फिरायला निघतो. शिडांबद्दल सगळेच विचारतात, संडासाबद्दल कोणी विचारत नाही. पण सहल बिघडते ती बहुधा त्यामुळेच.

घरी मैला उतारावरून आपोआप वाहून जातो. बोटीत संडास बऱ्याचदा समुद्राच्या पातळीच्या खाली असतो, म्हणून मैला हातपंपाने वर ढकलावा लागतो. बोटीच्या तळाशी सीकॉक नावाचा कॉक असतो. त्यातून समुद्राचे पाणी भांड्यात येते. पंपापुढे जोकर व्हॉल्व्ह असतो. ही बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप मैल्याला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तिथून पाईप टाकीत जातो. टाकीला तीन तोंडे असतात: मैला आत येण्याचे, बंदरात तो उपसून घेण्याचे आणि हवेचे.

हे हवेचे तोंड नीट लक्षात ठेवा. तेलाच्या डब्याला आई दोन भोके का पाडते? एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. टाकीत मैला येतो तेव्हा हवा बाहेर जायला हवी, आणि मैला उपसताना आत यायला हवी.

आता तक्रारी एकेक करून पाहू.

१. पंपाचा दांडा जड लागतो. जोर लावू नका, पाईप निसटू शकतो. आधी टाकी भरली आहे का ते पाहावे. नसेल, तर बोटीच्या बाजूला असलेले हवेच्या नळीचे बारीक छिद्र मीठ, किडे किंवा मैल्याने बुजले आहे का ते तपासावे. बंदरात बाहेरून पाण्याची धार मारली की ते बरेचदा मोकळे होते. डेकवरचे झाकण मोठ्यांनीच, हातमोजे घालून आणि तोंड लांब ठेवून, सावकाश सैल करावे. ‘फुस्स’ आवाज झाला आणि दांडा हलका झाला, तर दोष हवेच्या नळीचाच. तसे नसेल, तर पाईपमध्ये क्षार साचले असतील. समुद्राचे पाणी आणि लघवी एकत्र आली की असा थर धरतो. अधूनमधून व्हिनेगर ओतल्याने तो कमी साचतो.

२. भांड्यात पाणी परत येते. पाणी घाण असेल, तर जोकर व्हॉल्व्ह झिजला आहे किंवा त्यात काही अडकले आहे. पाणी स्वच्छ असेल, तर समुद्र सायफनने आत येतो आहे. मग ताबडतोब सीकॉक बंद करा! अशाने बोटी बुडालेल्या आहेत. म्हणून वापर झाला की सीकॉक बंद करायचा, हा आमच्या बोटीवर मुलांसाठीही नियम आहे.

३. वास येतो. गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाईप पुसून फडक्याचा वास घ्यावा. फडक्याला वास आला, तर पाईप बदलायला झाला. एरवी पुन्हा हवेची नळी पाहावी. हवा खेळती नसली की टाकीतले जंतू सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू तयार करतात. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन एकदम बदलल्या, तर दोष कशात होता ते कळत नाही. प्रोग्रॅममधली चूकही आम्ही अशीच शोधतो.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? मैला सरळ समुद्रात सोडावा! अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आहे. प्युजेट साउंडमध्ये २०१८ पासून प्रक्रिया केलेलाही चालत नाही. इथली कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे मैल्यातले जंतू त्यांच्यात साठतात आणि मग आपल्या पोटात जातात. टाकी उपसून देण्याची सोय अनेक बंदरांत असते. १९९२ च्या एका कायद्याने त्यासाठी केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला.

मुलांनो, पुढच्या वेळी बोटीवर गेलात की हवेच्या नळीचे छिद्र शोधून काढा. सापडले, तर ते मोकळे आहे का हे बाबांना विचारा!