फूट, सूत आणि पाचशेची नोट

भाईंदरच्या जेसल पार्कात घर वन आरके असो की टू बीएचके, सामान लावायला घेतलं की कुठेतरी दोन इंच कमी पडतातच. बाजारातल्या बहुतेक वस्तूंची मापं मात्र आधीच ठरलेली असतात. ती तोंडपाठ असली की सुताराशी होणारी हुज्जत आणि घरातले वाद, दोन्ही निम्म्यावर येतात.

टेप नाही? नोट काढा
पाचशेची नवी नोट बरोबर १५ सेंटिमीटर लांब असते. चार नोटा ओळीने ठेवल्या की ६० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट. महिनाअखेर असेल तर एकच नोट चार वेळा सरकवा.

दोन इंच गेले कुठे?
‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल असते ६० सेंटिमीटरची. दोन फूट म्हणजे ६०.९६. पाच फरश्या मोजून खोली दहा फूट धरलीत, तर हिशेबात जवळजवळ दोन इंच हवेतच. अंदाजाला फरशी चालेल, कपाटाला टेपच हवी.

कपाट दोन फूटच खोल का?
हँगर साधारण दीड फुटाचा, त्याला पुढेमागे मोकळी जागा हवी. शिवाय प्लायची शीट येते आठ बाय चारची. उभी मधोमध चिरली की दोन-दोन फुटी पट्ट्या, वाया काही नाही. ‘सव्वादोन फूट करा’ म्हणालात की उरलेली पट्टी दुसऱ्या बाजूला अपुरी पडते. पैसे मात्र अख्ख्या ३२ चौरस फुटांचे.

सहा सुतांचा घास
आठ सूत म्हणजे एक इंच. १९ मिलिमीटरचा प्लाय म्हणजे सहा सूत. कपाटाच्या दोन बाजूंचे मिळून दीड इंच झाले. म्हणून तीन फुटी कपाटात आतून मिळतात साडेचौतीस इंचच. कप्प्यात ठेवायचे डबे घेताना हाच आकडा धरा.

रुळांत मावते ती गादी
भाईंदर स्टेशनात दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. पाच फुटी क्वीन गादी त्यात आरामात बसेल, सहा फुटी किंग बसणार नाही. दहा फुटी खोलीत दोन फुटी कपाटासमोर किंग टाकलीत तर उरतात दोन फूट. त्यात कपाटाचं दार उघडायचं, पलंगाला वळसा घालायचा आणि चादरही बदलायची. क्वीन घ्या, एक फूट वाचवा.

४३ इंची टीव्ही ४३ इंच नसतो
टीव्हीचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. रुंदी हवी तर ०.८७ ने गुणा: ४३ इंचीचा पडदा साडेसदतीस इंच रुंद, ५५ इंचीचा चार फूट.

ओटा आणि मशीन
फ्रंट लोड वॉशिंग मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच, म्हणजे साडेतेहतीस इंच. बत्तीस इंची जुन्या ओट्याखाली ती जात नाही. १४.२ किलोचा सिलिंडर साधारण पंचवीस इंच उंच, तो वर रेग्युलेटर लावूनही मावतो.

सहा फुटी साहेब
चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्बुझिएने माणसाच्या उंचीवरून मोजमापांची एक पद्धत आखली. त्यातला माणूस १.८३ मीटरचा, म्हणजे पुरता सहा फुटी. आपल्याकडे वरच्या फळीवरचा डबा काढते ती आई किंवा आजी. ओटा तिच्या कोपरापेक्षा चारेक इंच खाली आणि रोजची फळी तिच्या हाताला लागेल इतकीच उंच ठेवा.

आडवं मावलं, उभं अडलं
साडेसहा फूट उंच आणि १९ इंच खोल लोखंडी कपाट आडवं आणून उभं करताना तिरकं होतं. त्या क्षणी त्याला सव्वाऐंशी इंच लागतात. माळा ऐंशी इंचांवर असेल तर कपाट छान मावेल, पण उभंच राहणार नाही.

खाडीचा खारा वारा
चौपाटीवर गोड लागणारा वारा घरातल्या लोखंडाला गंज आणतो आणि पावसाळ्यात ओल देतो. सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय लावा. आयएस ३०३ हा साधा प्लाय, तो कोरड्या खोलीत ठीक. कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटं हवा राहू द्या.

फर्निचर बघायला निघण्याआधी चार मापं मोबाइलमध्ये टिपून ठेवा: घराचं दार, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची आणि माळ्याखालची जागा. सेलची जाहिरात त्यानंतर उघडा.