मायफळ

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचे साहित्य मागा. वेखंड, बाळहिरडा, मुरडशेंग, सुंठ यांच्या सोबतीने सुपारीहून लहान, टणक आणि अंगावर बारीक उंचवटे असलेली एक गोळी हाती येईल. हेच मायफळ. सहाणेवर आईच्या दुधात त्याचा एखादा वळसा उगाळून तान्ह्या बाळास चाटविण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. (पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, आणि ते ऐकावे हेच बरे.)

मुलांनो, नावात फळ असले तरी मायफळ हे फळ नव्हे. ओक वृक्षाची एक ठेंगणी जात तुर्कस्तान, सीरिया, इराण या देशांत वाढते. गांधीलमाशीच्या गोत्रातील एक इवलासा कीटक तिच्या कोवळ्या अंकुरात अंडे घालतो. अंड्यातून अळी निघाली, की तिच्याभोवती झाडाच्या पेशी भराभर वाढून त्यांची गोल गाठ बनते. ही गाठच अळीचे घर आणि तेच तिचे अन्न! पुढे अळीचा कीटक झाला, म्हणजे तो गाठीस भोक पाडून उडून जातो. तत्पूर्वी तोडलेली गाठ वजनदार, काळपट व अधिक तुरट असते. नंतरची फिकट आणि हलकी. जाणती माणसे मायफळ घेताना भोक पाहतात, ते यासाठी.

या गाठीत निम्म्याहून अधिक भाग टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा असतो. त्याचा हिराकसाशी संयोग झाला, की काळी शाई तयार होते. युरोपातील ग्रंथ व दस्तऐवज शतकानुशतके अशाच शाईने लिहिले जात. गुटीतील काकडशिंगी हीदेखील कीटकाने घडविलेली गाठच आहे. मात्र तिचे झाड निराळे आणि कीटकही निराळा.

ओकचे खरे फळ एका लहानशा वाटीत बसविल्यासारखे दिसते. ही वाटी म्हणजे त्याच्या साऱ्या कुळाची खूण होय. हिमालयातील बांज हा याच कुळातला. आसाम-मेघालयातील उष्ण, दमट अरण्यांतही त्याचे उंच भाऊबंद आहेत. त्यांपैकी कित्येकांची वाटी काटेरी असून ती फळास पुरती झाकून टाकते. सह्याद्रीवर पाऊस काही थोडा पडत नाही. तरी तेथे, किंबहुना साऱ्या दक्षिण भारतात, या कुळाचे एकही झाड रानात आपोआप उगवत नाही. म्हणून घरोघर उगाळले जाणारे मायफळ आपल्याकडे येते ते परमुलखातूनच.