हत्तीवरचा मंत्री आणि ठाण्याचा पंच

कोपरहून रोज ठाण्याकडे जाणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, तिसऱ्या जॉर्जच्या अमदानीत लंडनमध्ये जी राजकीय उपहासचित्रे ऐन बहरात आली, त्यांच्या परंपरेचा एक धागा आपल्या ठाण्यापर्यंत पोहोचला होता. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून, छापून आणि हाताने रंगवून ही चित्रे तयार होत, आणि जेम्स गिलरे या श्रेष्ठ चित्रकाराची नवी कृती हॅना हम्फ्री यांच्या दुकानाच्या काचेत लागली की रस्त्यावर गर्दी जमे. १७८३ साली जेम्स सेयर्स याने, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटच्या हुकमतीखाली आणू पाहणाऱ्या फॉक्स या मंत्र्याला 'कार्लो खान' म्हणून हत्तीवर बसवले आणि कंपनीच्या कचेरीवर स्वारी करताना दाखवले. त्या हत्तीचे तोंड फॉक्सचे सहकारी लॉर्ड नॉर्थ यांचे होते. याच कंपनीने १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ते चित्र आपल्याला परके राहत नाही.

पुढे १८४१ मध्ये लंडनमध्ये 'पंच' हे उपहासात्मक साप्ताहिक निघाले आणि त्याचे नाव धारण करणारे 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक ठाण्यात चालले. सत्ताधीशांना निर्भयपणे चित्रांकित करण्याचा वारसा माझ्या मते ग्रंथांइतकाच जतन करण्याजोगा आहे. आपल्या माळ्यावर, जुन्या दप्तरांत 'हिंदू पंच'चा एखादा जीर्ण अंक आढळल्यास तो रद्दीत न घालता १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात अवश्य दाखवावा.