हरणामागं जायचंय? मग आधी हे वाचा!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे एक सिनियर एमएससाठी अमेरिकेला गेलेत. त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. अंगात केशरी जाकीट, खांद्याला बंदूक, मागं डोंगर. खाली लिहिलेलं, 'पहिल्यांदाच म्युल डिअरच्या शिकारीला चाललोय.' झालं! त्या रात्री मेसमध्ये दुसरा विषयच नाही. रूम पार्टनर म्हणाला, "तुमच्या जालन्याकडं तर हरणं शेतात फिरतात म्हणे. येऊ का सुट्टीत?" मी म्हटलं, "जरूर ये. फक्त बंदुकीचं नाव काढू नको."

मित्रांनो, आधी तिकडचं गणित समजून घेऊ. म्युल डिअर म्हणजे खेचरासारखे लांब कान असलेलं, पश्चिम अमेरिकेतलं हरीण. तिथं सरकारी जमिनीवर शिकार करता येते, पण मनाला येईल तशी नाही. आधी लायसन्स, मग टॅग. एका टॅगवर एकच जनावर. बऱ्याच ठिकाणी टॅग लॉटरीनं मिळतो आणि किती टॅग वाटायचे हे कळपांचा अंदाज घेऊन ठरतं. १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामाला जातो.

आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. जमीन गायरान असो की स्वतःच्या सातबाऱ्यावरची, कायदा तोच. नुसती गोळी घालणं म्हणजे शिकार नव्हे. फासे लावणं, हाका घालणं, नुसता प्रयत्न करणं हेही शिकारच. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार दंड. सलमान खानवर काळवीट मारल्याचा आरोप १९९८ चा. खालच्या कोर्टाचा निकाल आला २०१८ मध्ये. एवढ्या वर्षांत आपल्या किती बॅचेस पास आऊट झाल्या असतील बघा!

आता एक व्हायवाचा प्रश्न. काळवीट हे हरीण आहे का? बोलीत आहे, शास्त्रात नाही. म्युल डिअरच्या नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. काळवीट हा कुरंग. त्याची पिळदार शिंगं आयुष्यभर टिकतात. नर मोठा झाला की पाठ काळी पडते, मादी मात्र बदामी रंगाची आणि बहुधा बिनशिंगाची. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच कोल्हापूर संस्थानात एके काळी काळविटांवर शिकवलेले चित्ते सोडत.

मग सुरुवात कशी करायची?

पहाटे निघा. उन्हं चढली की कळप बसतो. दुर्बीण ८×४२ ची पुरे. आठपट मोठं दिसतं आणि ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो; झुंजूमुंजूला तेवढा लागतोच. काळविटाचा भरवसा नजरेवर असतो, म्हणून बांधाआड बसा, हलू नका. दीडदोनशे मीटरच्या आत जायची हाव नको. कळपानं माना वर केल्या की तिथंच थांबा. लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर समजा, इथं एका नराची हद्द आहे. गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका, आई जवळच चरत असते. मोटारसायकल मागं घालू नका. आणि ज्याच्या रानातून जाणार त्याला आधी राम राम करा.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. काळविटांसाठी राखलेलं रेहेकुरी अभयारण्य (अहिल्यानगर जिल्हा, स्थापना १९८०) फक्त २.१७ चौरस किलोमीटरचं. आमच्याकडची हरणं तर माळावर आणि शेतातच राहतात. म्हणजे ती जगतात शेतकऱ्याच्या जिवावर!

हे मला घरीच कळलं. अंबड तालुक्यात माझ्या चुलत्यांचं रान आहे. त्या हिवाळ्यात उगवलेला हरभरा कळपानं दोन रात्रीत साफ केला. मी सुट्टीत गेलो तर तात्या म्हणाले, "तू विजेचंच शिकतो ना? मग तारेला करंट जोडून दे. नाहीतर काय उपेग तुझ्या शिक्षणाचा?"

खरं सांगतो, तार आणि पक्कड माझ्या हातात होती. नुसते शेंडे उरलेलं रान बघून मलाही राग आला होता. पण २३० व्होल्टचा सलग करंट स्नायू आवळून धरतो, चिकटलेला सुटत नाही. रात्री पाणी द्यायला येणारा आमचा सालगडीही त्याच बांधावरून जातो. मी तार खाली ठेवली. तात्या दोन दिवस बोलले नाहीत.

मग सौर कुंपणाचं यंत्र समजावून सांगितलं. बॅटरी कपॅसिटर चार्ज करते आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून साधारण सेकंदाला एक झटका सोडतो. व्होल्टेज काही हजार, पण झटका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही छोटा. मधल्या वेळात जनावर सुटतं. चटका बसतो, जीव जात नाही. जोडीला वनखात्याकडं अर्जही केला. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत कळवायचं, मग पंचनामा होतो. हेल्पलाईन १९२६. तेवढ्या पैशात सगळं भरून निघत नाही हे तात्यांचं म्हणणं खरंच आहे. हरणंही पूर्ण थांबली नाहीत, कमी झाली.

सुट्टी संपताना पार्टनर आला. पहाटे बांधाआड आम्ही तिघं. दुर्बीण तात्यांच्याच हातात! बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "चोर हायेत, पण देखणे हायेत."

तर मित्रहो, पुढच्या सुट्टीत कोण कोण येतंय? दुर्बीण आमची, भाकरी तात्यांची. कळप नेमका कुठं बसतो ते मात्र इथं छापणार नाही!