सावळ्या त्वचेला सनस्क्रीन कोणते?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत रोज ऊन झेलणाऱ्या अनेकांना 'सावळ्या रंगाला सनस्क्रीन कशाला?' असे वाटते. मेलॅनिनमुळे अशी त्वचा लवकर भाजत नाही, हे खरे. पण वांग आणि काळे डाग तिच्यावरच अधिक उमटतात. त्यामागे अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही असतो. एसपीएफचा आकडा मात्र मुख्यतः यूव्हीबी किरणांपुरता असतो.

दृश्य प्रकाश अडवायला आयर्न ऑक्साइड लागते. ते रंगछटा असलेल्या 'टिंटेड' सनस्क्रीनमध्ये असते. अडचण इथेच आहे. झिंक ऑक्साइडचे साधे क्रीम सावळ्या चेहऱ्यावर पांढरट दिसते आणि टिंटेडच्या छटा अनेकदा उजळ रंगालाच जुळतात. मग क्रीम कमी लावले जाते किंवा सुटतेच.

विकत घेण्यापूर्वी जबड्याजवळ लावून उजेडात पाहावे. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम घ्यावे, उन्हात दर 2 तासांनी पुन्हा लावावे. जुळणारी छटा न मिळाल्यास छत्री, टोपी, ओढणी वापरावी. वांगावर परस्पर स्टेरॉइडचे क्रीम मात्र लावू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कळव्यातील ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारखा सरकारी पर्यायही आहे.