नव्या फाइल सिस्टिमचा सावध स्वीकार

आपल्या पेढ्यांचे जमाखर्च आता बहुतांशी सर्व्हरच्या डिस्कवर राहतात. कोणती नोंद डिस्कवर कोठे आहे, हे सांभाळणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टिम. ती बिघडली तर डिस्क शाबूत असूनही खाती हाती लागत नाहीत. यास्तव ती बदलताना घाई नसावी, असे आम्हांस वाटते.

लिनक्सवरील ‘बीटीआरएफएस’चे उदाहरण बोधप्रद आहे. २००७ साली ओरॅकल कंपनीत ख्रिस मेसन यांनी तिचा आरंभ केला. २००९ साली ती लिनक्सच्या गाभ्यात आली. प्रत्येक मजकुराचा ताळा जवळ ठेवणे, जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिणे, हे तिचे गुण. तथापि २०१४ साली सुसे कंपनीने सर्व्हरच्या १२ व्या आवृत्तीत ती मूळ प्रणालीसाठी नेमली, पण माहितीच्या विभागासाठी जुनी एक्सएफएसच राखली. रेड हॅटने तर २०१९ च्या ८ व्या आवृत्तीतून तिला वगळले.

यातून मार्ग दिसतो तो असा. नवी व्यवस्था प्रथम अशा यंत्रावर लावावी, जेथील नुकसान भरून काढता येईल. वर्षअखेरचा एक हिशेब तिच्यावर पार पडू द्यावा. खात्यांची प्रत निराळ्या डिस्कवर, जुन्या व्यवस्थेतच ठेवावी आणि मधूनमधून उघडून पाहावी. त्याच डिस्कवरील स्नॅपशॉट ही प्रत नव्हे. डिस्क गेली की तोही जातो.

नाणे वाजवून घेणारा व्यापारी नाण्याचा वैरी नसतो.