हस्तनिर्मित लाकडी धनुष्याच्या टोकांवरील शिंगपट्टीची जोडणी : एक विवेचन

प्रस्तावना

धनुष्याची दोरी जेथे अडकते ते टोक हा धनुष्याचा सर्वांत निमुळता आणि तरीही सतत घासला जाणारा भाग होय. प्राचीन भारतीय वाङ्मयात या भागाची स्वतंत्र दखल घेतलेली आढळते. अमरकोशात धनुष्याच्या टोकास ‘कोटि’ व ‘अटनी’ असे शब्द दिलेले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग अशा निरनिराळ्या द्रव्यांच्या धनुष्यांचा उल्लेख असून शिंगाच्या धनुष्यास तेथे ‘शार्ङ्ग’ म्हटले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शिंगाचे धनुष्य हा नाही. लाकडी धनुष्याच्या टोकावर शिंगाचा लहानसा तुकडा पक्का कसा बसवावा, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

विषय लहान असला तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. ओढलेल्या स्थितीत हा तुकडा सुटल्यास दोरी निसटते, भुजांत साठलेली ऊर्जा बाणाला न मिळता लाकडातच परतते आणि कित्येक आठवड्यांच्या श्रमाने घडविलेले धनुष्य क्षणात मोडू शकते. उडालेला तुकडा धनुर्धराच्या डोळ्याला लागण्याचा धोका निराळाच.

शिंगाची आवश्यकता

मऊ लाकडावर दोरीचा फास वारंवार रुतला की तंतू दबतात, चिरतात आणि अखेर टोक उभे फुटते. इंग्लंडमधील यू वृक्षाच्या लांब धनुष्यांना यासाठी शिंगाची टोपणे बसवीत. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रतळावरून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या उत्खननात १७२ धनुष्ये मिळाली. शिंग पाण्यात बहुतांशी नष्ट झाले होते. तथापि टोकांजवळच्या लाकडाचा निराळा रंग तेथे शिंगाची टोपणे होती हे सांगून गेला. या टोपणांत शंकूच्या आकाराचे भोक असे आणि लाकडाचे टोक त्यात आत शिरे. त्यामुळे चारही बाजूंनी आधार मिळे आणि सरसावर पडणारा भार कमी होई.

अर्वाचीन सपाट भुजांच्या धनुष्यांवर सर्रास दिसणारी शिंगपट्टी याहून वेगळी असते. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडे असणाऱ्या बाजूवर, ती केवळ चिकटविलेली असते आणि तिला लाकडाचा वेढा नसतो. कमी ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या प्रचारात आल्यापासून तिची गरज अधिक वाढली आहे, कारण अशी दोरी बारीक असते, लाकडात लवकर रुतते आणि बाण सुटताना टोकाला कठोर हिसका देते.

सांध्यावरील बलाचे स्वरूप

पट्टी निघाली की दोष सरसाला दिला जातो. थोडे गणित केल्यास हा दोष बहुतेक वेळा अन्याय्य ठरतो. ५० पौंड ओढीच्या धनुष्यासाठी सुमारे २२२ न्यूटन बल लागते. साध्या लांब धनुष्यात पूर्ण ओढीच्या वेळी दोरीतील ताण साधारण याच्याच आसपास असतो. पट्टी १२ मिलिमीटर रुंद व ४० मिलिमीटर लांब असल्यास सांध्याचे क्षेत्रफळ ४८० चौरस मिलिमीटर होते. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला अर्ध्या न्यूटनहूनही कमी बल येते. बाण सुटल्यावर दोरी सरळ होते त्या क्षणीचा हिसका याच्या पाचपट धरला, तरी नीट जमलेल्या इपॉक्सीच्या सांध्याने तो पेलावयास हवा.

मग पट्टी निघते का? वरील हिशेबात बल सर्व पृष्ठावर सारखे वाटले जाते असे गृहीत धरले आहे. दोरी पट्टीला मुठीकडे सरकवू पाहते, आणि या सरकवणाऱ्या बलाला सरस चांगला तोंड देतो. परंतु पट्टीखालील लाकूड वाकू लागले तर स्थिती बदलते. पाठीचे तंतू लांबतात, जाड व ताठ शिंग तेवढे वाकत नाही आणि सारा ताण पट्टीच्या मुठीकडील कडेवर एकवटतो. तेथून पट्टी पाकिटाच्या झाकणाप्रमाणे सोलली जाऊ लागते. सरसाची खरी दुर्बलता या सोलण्यापुढेच दिसते. म्हणून टोकाचा शेवटचा भाग न वाकणारा ठेवणे आणि पट्टीची मुठीकडील बाजू उतरती करीत कागदासारखी पातळ करणे, हे दोन उपाय कोणत्याही महागड्या सरसाहून अधिक मोलाचे आहेत.

शिंगाची निवड व पृष्ठांची सिद्धता

पाळीव म्हशीच्या शिंगाचे भरीव टोक या कामास उत्तम. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गव्यासारख्या संरक्षित प्राण्यांच्या शिंगांचा वापर येथे सर्वस्वी वर्ज्य समजावा. शिंगाचा पोकळ भाग उष्णतेने मऊ करून दाबून सपाट करता येतो. परंतु ओलावा मिळताच तो मूळ वळणाकडे परतू पाहतो आणि सांध्याला आतूनच उचलतो. कोकणातील पावसाळ्यात हा अनुभव लवकर येतो. त्यासाठी भरीव भागातून, तंतूंच्या दिशेने, ४ ते ५ मिलिमीटर जाडीची चकती करवतीने कापावी व ती पूर्ण वाळू द्यावी.

धनुष्याच्या पाठीवरील वाढीचे वलय छेदू नये हा कारागिरांचा नियम आहे. तो टोकाशी शिथिल करता येतो, कारण वाकविणारे बल टोकाकडे शून्यापर्यंत उतरत जाते. तेथे पाठ कानशीने सपाट करावी. शिंगाची बाजू सपाट फळीवर चिकटविलेल्या ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर घासावी. दोन्ही पृष्ठे एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरली असता मधून प्रकाश दिसता कामा नये. फट दिसली तर ती सरसाने भरून निघेल अशा भरवशावर राहू नये, पुन्हा घासावे. संपूर्ण कामातील अर्धा वेळ येथेच जातो आणि तो जाऊ द्यावा.

त्यानंतर पृष्ठांना बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा आणि सागवानासारख्या लाकडातील नैसर्गिक तेल हे दोन्ही सरसाचे वैरी आहेत. चिकटविण्याच्या लगेच आधी स्वच्छ फडक्याने ॲसिटोन लावून ते उडून जाऊ द्यावे.

चिकटविणे व घडण

हळू घट्ट होणारे इपॉक्सी निवडावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे मिश्रण लाकडात मुरण्यास वेळ देत नाही. सायनोॲक्रिलेट अनेक कारागीर वापरतात आणि अतिशय चपखल सांध्यात ते टिकतेही. परंतु ते ठिसूळ असल्याने हिसक्यांच्या जागी त्याची निवड करताना सावध राहणे बरे. मिश्रण दोन्ही पृष्ठांना लावावे. शिकंजा करकचून आवळल्यास सरस बाहेर निथळून सांधा कोरडा पडतो. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी मध्यम ताणाने गुंडाळावी; दाब सर्वत्र सारखा बसतो आणि पट्टी सरकत नाही. एक अहोरात्र हात लावू नये.

आकार देताना यंत्रापेक्षा कानस बरी. सामान्य इपॉक्सी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि फिरत्या घर्षणचक्राखाली पातळ शिंग तेवढे तापावयास क्षण पुरतो. जळक्या केसांसारखा वास आला की सांध्याखाली हानी होऊ लागली असे समजावे, कारण शिंग व केस दोन्ही केराटिनचेच असतात.

दोरीची खाच गोल कानशीने, दोरीच्या जाडीइतकीच कोरावी. पाठीवरील खाचेखाली किमान २ मिलिमीटर शिंग उरले पाहिजे. बाजूंनी उतरतानाही खाच शक्यतो शिंगातच थांबवावी. तीक्ष्ण कड राहिल्यास ती दोरी कापते. पट्टीच्या पातळ कडेवर सरसात भिजविलेल्या रेशमी दोऱ्याचे आठ-दहा वेढे घातल्यास सोलण्याची सुरुवातच रोखली जाते. शेवटी सांध्याच्या रेषेवरून वॉर्निशचा पातळ थर फिरवावा. ओलाव्याबरोबरच केराटिन खाणाऱ्या कसरीपासूनही शिंगाचे रक्षण होते.

नवी पट्टी बसविलेल्या धनुष्यावर प्रथम दोरी सैल चढवावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि ओढ टप्प्याटप्प्याने वाढवावी. प्रत्येक टप्प्यानंतर दोरी उतरवून मुठीकडील कडेवर नख फिरवावे. नख अडकले किंवा तेथे पांढरट रेषा दिसली, तर ओढणे थांबवून पट्टी काढावी, पृष्ठे पुन्हा घासावीत आणि सर्व क्रिया पहिल्यापासून करावी.